तेरा वजा नऊ आणि अख्खी शाळा

जपानमधल्या साध्या सरकारी प्राथमिक शाळेत वर्षातल्या काही दुपारी बाकीच्या वर्गांना लवकर सुट्टी देतात आणि एकच वर्ग मागे ठेवतात. त्या वर्गात ४५ मिनिटांचा तास होतो, पुष्कळदा गणिताचाच. शाळेतले सगळे शिक्षक, मुख्याध्यापकांसकट, भिंतीला लागून उभे असतात. हातात तासाचं टाचण आणि मुलांच्या बसण्याचा आराखडा. एखादी शिक्षिका कोपऱ्यातल्या तीन मुलांचंच सगळं टिपत असते: काय लिहिलं, काय खोडलं, शेजारच्याची वही बघून काय बदललं. मुलांना मदत करायची नाही, हा अलिखित नियम. तास संपला की मुलं घरी जातात आणि शिक्षक त्या ४५ मिनिटांवर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ बोलतात. सगळ्यात शेवटी बाहेरून बोलावलेला एखादा जाणकार बोलतो.

या रिवाजाला तिकडे ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे तासाचा अभ्यास, म्हणतात. गेली पंचवीस वर्षं गणित-शिक्षणावरच्या परिषदांमध्ये त्याचं इतकं कौतुक झालंय की ती जपानी मातीतली कुठली तरी प्राचीन परंपरा असावी असं वाटू लागतं. तसं काही नाही. ही गोष्ट परदेशातून आली, तिच्या येण्याची तारीख जवळपास नेमकी सांगता येते, आणि आली तेव्हा तिचं काम शिक्षकाचे दोष काढणं हे होतं. दोष काढायच्या त्या तासातून सगळ्या शाळेने मिळून गणित शिकवायला शिकण्याची रीत कशी निघाली, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात १८७२ची. मेइजी सरकारने त्या वर्षी सगळ्या देशासाठी शिक्षणाचा कायदा केला आणि टोकियोत शिक्षक घडवणारी पहिली शाळा काढली. जागा होती शोगुनांच्या काळातल्या कन्फ्यूशियन विद्यापीठाची. तिथल्या तातामी चटया उचलल्या, टेबलं-खुर्च्या मांडल्या, फळा लावला आणि मॅरियन मॅकॅरेल स्कॉट नावाच्या अमेरिकन शिक्षकाला उभं केलं. त्याला जपानी येत नव्हतं. शेजारी दुभाषी होते त्सुबोई गेंदो. (याच त्सुबोईंनी पुढे १९०२ साली जपानमध्ये टेबल टेनिस आणलं. दुभाष्याच्या वाट्याला इतिहासात सहसा एवढी जागा येत नाही.) स्कॉट वरच्या गटातल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतली लहान मुलं समजून शिकवायचा, आणि तेच विद्यार्थी नंतर खालच्या गटाला जपानीतून शिकवायचे. म्हणजे जपानमधल्या पहिल्या प्रशिक्षित शिक्षकांनी आपला धंदा पुस्तकातून नव्हे, दुसऱ्याचा तास समोर बसून पाहत उचलला.

शिकवायचं काय, याहून नवीन होतं एकदम शिकवणं. तोवरच्या तेराकोया शाळांत आपल्या पंतोजींच्या शाळेसारखाच प्रकार होता. एका खोलीत वेगवेगळ्या वयाची मुलं, प्रत्येकाचा कित्ता वेगळा, गुरुजी एकेकाला जवळ बोलावून पुढचं देणार. आपल्याकडे पाढ्यांबरोबर पावकी-निमकी-अडीचकी घोकून घेत, तिथे सोरोबान ह्या मणिचौकटीवर बोटं पळायला शिकवत. चाळीस मुलांनी एका वेळी एकाच उदाहरणाकडे बघणं ही कल्पनाच दोन्हीकडे नव्हती. १८७२च्या कायद्याने तर गणित पाश्चात्त्य पद्धतीनेच, कागदावर आकडे मांडून शिकवावं असं फर्मावलं. पण तसं शिकवणारे होते कुठे? वर्षभरात सोरोबानला परत परवानगी द्यावी लागली. जपानच्या स्वतःच्या गणितपरंपरेला, सेकी ताकाकाझूंसारख्यांच्या वासानला, मात्र शाळेत जागा उरली नाही.

स्कॉट १८७४मध्ये त्या शाळेतून गेला. खरा धागा पुढच्या माणसाने आणला. ताकामिने हिदेओ हा आइझू संस्थानातला सामुराई मुलगा. १८६८च्या यादवीत, चौदाव्या वर्षी, वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यात तो आपल्या सरदाराचा हुजऱ्या होता. सात वर्षांनी नव्या सरकारने त्यालाच अमेरिकेला पाठवलं, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो इथल्या नॉर्मल स्कूलमध्ये. तिथे तो हर्मन क्रूझी यांच्या घरी राहिला. क्रूझींचे वडील खुद्द स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीचे सहकारी. ऑस्वेगोने आपली पद्धत घेतली होती लंडनच्या होम अँड कलोनियल या संस्थेकडून; १८६१मध्ये तिथून मार्गारेट जोन्स नावाच्या शिक्षिकेला वर्षभरासाठी मुद्दाम आणवलं होतं. आणि लंडनच्या संस्थेचे धागे होते चार्ल्स आणि एलिझाबेथ मेयो या भावंडांकडे. त्यांतला चार्ल्स स्वित्झर्लंडमधल्या इव्हरडाँला पेस्टालोझीजवळ राहून आलेला. इव्हरडाँ, लंडन, ऑस्वेगो, टोकियो असा हा प्रवास. वाटेत दोन गोष्टी बरोबर चालल्या होत्या: वस्तू दाखवून, हाताळायला देऊन शिकवायचे वस्तुपाठ, आणि शिकाऊ शिक्षकाने सगळ्यांसमोर पाठ घ्यायचा व बाकीच्यांनी त्यावर टीका करायची, हा सराव.

लंडनहून निघालेली दुसरी फांदी इंग्रजी राज्याबरोबर आपल्याकडे आली. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कुणालाही ती आठवत असणार. मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक, पाठ-टाचणाची वही, ‘फलकलेखन नीटनेटके हवे’ असा लाल शेरा. तेव्हा जपानचा तो दुपारचा तास आणि आपला सराव पाठ हे चुलतभाऊच. एकाची वाढ ट्रेनिंग कॉलेजातच थांबली, दुसरा नोकरीतल्या शिक्षकांच्या शाळेत शिरला, एवढाच काय तो फरक. पण तो फरक फार मोठा आहे.

ताकामिने १८७८मध्ये परतले आणि टोकियोच्या नॉर्मल स्कूलचा कारभार त्यांच्या हाती आला. त्याच वर्तुळातल्या वाकाबायाशी तोरासाबुरो आणि शिराई या दोघांनी १८८३मध्ये अध्यापनपद्धतीवर एक पुस्तक लिहिलं. ते देशभर वापरलं गेलं. पाठ कसा आखावा आणि पाहणाऱ्याने कशाकशावर बोट ठेवावं, दोन्ही त्यात होतं. टीका कोणावर? शिक्षकावर. त्याची प्रश्न विचारण्याची रीत, बोलणं, वर्गावरचा ताबा. पुढच्या वीसेक वर्षांत या ‘टीका-तासां’च्या सभा प्रांतोप्रांतीच्या शाळांत भरू लागल्या. मधल्या काळात, १८८७ ते १८९०, एमिल हाउसक्नेश्ट नावाचे जर्मन प्राध्यापक टोकियो विद्यापीठात होते. त्यांच्याबरोबर जर्मन विचारवंत हर्बार्टची शिकवण आली आणि त्याच्या अनुयायांनी आखलेल्या पाठाच्या पाच पायऱ्या आल्या. जी पंचपदी आपल्या जुन्या मास्तरांना तोंडपाठ असे, तिनेच जपानी मास्तरांनाही जेरीला आणलं. पायऱ्या चुकल्या की पाठ चुकला. आता टीका करणं सोपं झालं, कारण उत्तर आधीच छापलेलं होतं.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. तपासणीची साधनं बहुतेक ठिकाणी तपासणीची साधनंच राहतात. जपानमध्येही तो धोका किती खरा होता याचा दाखला १९२४चा आहे. नागानो प्रांतात मात्सुमोतोच्या एका शाळेत कावाई नावाचे शिक्षक नीतिशिक्षणाचा तास घेत होते. पाहायला वरचे अधिकारी आलेले. कावाईंनी सरकारी पुस्तक बाजूला ठेवून मोरी ओगाईंची एक कथा वापरली. चर्चा राहिली दूर, जागच्या जागी कानउघाडणी झाली, निलंबन झालं आणि अखेर त्यांना शाळा सोडावी लागली. तास उघडा ठेवणं म्हणजे काय जोखीम असते हे त्या पिढीला समजलं.

तरी त्याच वर्षांत दुसरं काही तरी चालू होतं. सावायानागी मासातारो यांनी १९१७मध्ये सेइजो ही प्रयोगशील प्राथमिक शाळा काढली. मुलांनी आपापल्या गतीने शिकायच्या डाल्टन योजनेच्या हेलन पार्कहर्स्ट १९२४मध्ये जपानला येऊन गेल्या. नारा इथल्या नॉर्मल स्कूलच्या जोडशाळेत शिमिझू जिंगो मुलांना स्वतः उदाहरणं तयार करायला लावत. आणि मुलंच उदाहरण रचू लागली की मागच्या बाकावर बसलेल्याला शिक्षकाकडे नुसतं बघून भागत नाही, मुलांच्या वहीत बघावं लागतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हे आहे, आणि ते गणितात यावं यात नवल नाही. भाषेच्या तासात मुलाचा विचार शब्दांआड लपू शकतो. वजाबाकीत तो कागदावर, ओळीओळीने उघडा पडलेला असतो.

सरकारी पुस्तकंही तिकडे वळली, सावकाश. १९०५चं काळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक गणिती फुजिसावा रिकितारो यांच्या विचारांवर बेतलेलं: मोजा, आकडेमोड करा, पक्कं करा. १९३५पासून शिओनो नाओमिची यांच्या संपादनाखाली आलेलं हिरव्या मुखपृष्ठाचं पुस्तक वेगळं होतं. पहिलीच्या पहिल्या भागात जवळजवळ शब्दच नव्हते, रंगीत चित्रं होती. अशा पुस्तकाला वाचून दाखवणारा शिक्षक पुरत नाही. चित्रावर काय विचारायचं ते शिक्षकाला ठरवावंच लागतं. पण लगेच युद्ध आलं.

युद्धानंतर १९४७मध्ये नवा शिक्षण कायदा आणि नवा अभ्यासक्रम आला. १९५८पर्यंत तो अभ्यासक्रम सल्ल्यापुरता होता. त्या अकरा वर्षांच्या मोकळिकीत आणि तिच्या आसपास बरंच काही रुजलं. गुन्मा प्रांतातल्या शिमा नावाच्या खेड्यातल्या शाळेत साइतो किहाकू १९५२मध्ये मुख्याध्यापक झाले आणि ११ वर्षं राहिले. साधी गावची शाळा, मुलं शेतकऱ्यांची. साइतोंनी तास एकमेकांना उघडे केले, आणि १९५५पासून बाहेरच्यांनाही. हजारो शिक्षक ती शाळा पाहायला गेले. साइतोंची एक सवय होती: तास चालू असताना मधेच शिरून ते शिक्षकाच्या कानात सुचवत, कधी स्वतःच सूत्रं हाती घेत. आजच्या शिष्टाचारात हे बसणार नाही. पण त्या शाळेत एक गोष्ट पक्की झाली होती. तास बाईंचा किंवा गुरुजींचा नसून शाळेचा आहे, म्हणून तो फसला तर शाळेचा फसला.

गणिताच्या बाजूने याच काळात तोयामा हिराकू उभे राहिले. ते विद्यापीठातले गणिती. १९५१मध्ये त्यांनी शिक्षक आणि गणितज्ञ यांची संघटना स्थापन केली. १९५८च्या सुमारास त्यांनी आणि गिंबायाशी को यांनी आकडेमोडीच्या उदाहरणांचा क्रम नव्याने लावला. आधी सर्वसाधारण उदाहरणं, मग शून्य असलेली, हातच्याची, अडचणीची. उंच टाकीतून पाणी घरोघर उतरावं तसं सामान्याकडून विशेषाकडे, म्हणून या क्रमाला त्यांनी नावच ‘नळयोजना पद्धत’ दिलं. सोबत एक, दहा आणि शंभराच्या चौरस फरशा, आपल्या गणित पेटीतल्या सुटे-दशक-शतकाच्या नात्यातल्या. पद्धतीवर पुढे वाद झाले ते झाले. पण कुठलं उदाहरण आधी आणि कुठलं नंतर, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीतला गंभीर प्रश्न बनला.

तो प्रश्न किती खोल जातो ते पहिलीच्या वजाबाकीवरून कळतं. १३ वजा ९. सुटे तीनच, त्यांतून नऊ जात नाहीत. एक मूल दहातून नऊ काढतं आणि उरलेला एक तिनात मिळवतं. दुसरं आधी तीन काढून दहावर येतं, मग आणखी सहा काढतं. तिसरं तेरापासून मागे मोजत एकेक बोट मिटतं. आता १३ वजा ९ ऐवजी १२ वजा ३ दिलं तर? दोन काढून दहावर यायचं, आणखी एक काढायचा; दुसरी रीत आपोआप सुचते, पहिलीकडे कुणी वळणार नाही. १३ वजा ९मध्ये उलट, कारण नऊ दहाला खेटून आहे. १२ वजा ७मध्ये दोन्ही वाटा सारख्याच सोयीच्या, म्हणून वर्गात भांडण लागण्याची शक्यता जास्त. ११ वजा ९ घेतलं तर सुट्यांच्या घरातला एक आणि दहातून उरलेला एक यांत गोंधळ होतो. बहुतेक जपानी पाठ्यपुस्तकं नऊ वजा करण्यापासूनच सुरुवात करतात, ती यासाठी. हिरोशिमा प्रांतातल्या त्सुता प्राथमिक शाळेत पहिलीच्या याच धड्यासाठी शिक्षकांनी संख्यांवर कसा खल केला, याचं माकोतो योशिदा यांनी केलेलं बारीक वर्णन उपलब्ध आहे. पहिलीच्या एका तासासाठी एवढा खल पाहून आपल्याकडचा ‘पोर्शन’ पुरा करणारा शिक्षक हसेल. हसू द्यावं. चुकीची संख्या निवडली तर तास छान होतो आणि मुलं काहीच शिकत नाहीत, हे त्यालाही अनुभवाने माहीत असतं.

या तयारीला ते ‘क्योझाइ केंक्यू’ म्हणतात, शिकवायच्या वस्तूचा अभ्यास. पाठ्यपुस्तकं ताडून पाहणं, मागच्या इयत्तेत काय झालंय आणि पुढच्या इयत्तेत काय येणार आहे ते बघणं, मुलं कुठे अडखळतील ते लिहून काढणं. यात शाळा कशाला लागते? पहिलीची वजाबाकी तिसरीत परत उभी राहते म्हणून. साठच्या दशकात शाळांतर्गत प्रशिक्षण पसरत गेलं तेव्हा त्याचा साचा असा बसला: शाळा दोन-तीन वर्षांसाठी एक विषय घेते, समजा, मुलांनी आपली रीत दुसऱ्याला कारणासह सांगता येणं. पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, पाचवी-सहावी असे गट पडतात. प्रत्येक गट मिळून एक तास आखतो, एक जण तो घेतो, सगळी शाळा पाहते. फळा पुसत नाहीत. तास संपेपर्यंत डावीकडून उजवीकडे सगळ्या रीती, चुकलेल्यासुद्धा, तिथेच राहतात. चर्चेत ‘तुम्ही’ऐवजी ‘हा तास’ असं बोललं जातं. शिमादा शिगेरू यांच्या गटाने १९७१पासून अनेक उत्तरं असणाऱ्या उदाहरणांवर काम करून १९७७मध्ये पुस्तक काढलं, आणि मुलांच्या वेगवेगळ्या रीतींभोवती तास बांधण्याचा हा कल आणखी पक्का झाला.

बाहेरच्या जगाला याचा पत्ता लागला तो उशिरा आणि आडवाटेने. १९९५च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणीबरोबर जर्मनी, अमेरिका आणि जपानमधल्या आठवीच्या २३१ तासांचं चित्रीकरण झालं. त्यावर जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट यांनी १९९९मध्ये ‘द टीचिंग गॅप’ लिहिलं, आणि त्यात योशिदांच्या अभ्यासाच्या आधारे जपानी शाळांची ही रीत मांडली. न्यू जर्सीतल्या पॅटरसन शहरातली एक सरकारी शाळा कनेटिकटमधल्या जपानी शाळेच्या शिक्षकांकडून शिकू लागली. कॅथरीन लुईस, क्लीआ फर्नांडेझ, अकिहिको ताकाहाशी अशी संशोधक माणसं ही रीत अमेरिकेत रुजवायच्या कामाला लागली. जपानच्या मदतसंस्थेमार्फत ही रीत इंडोनेशियात, झांबियात गेली. १८७२चं देणं व्याजासह परत निघालं म्हणायचं.

प्रवासात काय गळालं ते २०१७मध्ये उघड झालं. इंग्लंडमध्ये दीडशेहून अधिक प्राथमिक शाळांत घेतलेल्या मोठ्या चाचणीत गणित-वाचनाच्या निकालावर काहीच परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी लुईस आणि रिबेका पेरी यांनी अमेरिकेतल्या ३९ शिक्षक-गटांची चाचणी प्रसिद्ध केली. विषय अपूर्णांक. ज्या गटांना जपानी पाठ्यपुस्तकांतलं, संख्यारेषेवर भर देणारं साहित्य अभ्यासाला दिलं होतं, त्यांच्या मुलांची समज वाढली. दोन्हीकडे शिक्षक एकमेकांचे तास पाहतच होते. त्याच्या वर्षभर आधी ताकाहाशी आणि टॉम मॅक्डुगल यांनी तक्रार केली होती की परदेशात तास पाहण्याचा दिवस तेवढा उचलला जातो. विषयाचा आधीचा अभ्यास, लिहून काढलेला प्रस्ताव आणि बाहेरचा जाणकार मागे राहतो. हा निष्कर्ष मला पटतो. एकमेकांचं अज्ञान पाहून ज्ञान वाढत नाही.

महाराष्ट्रात याची दुसरी आवृत्ती पाहायला मिळाली. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट नावारूपाला आलं आणि राज्यभरातून शिक्षक जिल्हा परिषदेच्या त्या शाळा पाहायला निघाले. जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर तर ओघच लागला. शाळेने शाळेकडून शिकावं, ही कल्पना उत्तमच. पण पाहुण्याला फरशीवरची संख्यारेषा आणि काड्यांचे गठ्ठे सहज उचलून नेता येतात. त्यामागची बैठक मोबाइलच्या फोटोत येत नाही.

जपानमध्येही आता दिवस बरे नाहीत. २०१८च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत तिथल्या प्राथमिक शिक्षकाचा आठवडा सरासरी ५४.४ तासांचा निघाला. जास्तीच्या कामांना कात्री लावा असं वरून सांगितलं जातं तेव्हा कात्री पहिल्यांदा कशावर चालते हा तिथल्या शिक्षकांत वादाचा विषय आहे. तास पाहायला माणसं कमी पडतात हा लहान शाळांचा प्रश्न मात्र त्यांनी जुन्याच रीतीने सोडवलाय: शहरातल्या किंवा तालुक्यातल्या शाळांची विषयवार मंडळं असतात आणि ठरलेल्या दुपारी शिक्षक कुणाच्या तरी वर्गावर जमतात. आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेचा आकार नेमका हाच आहे. महिन्यातून एकदा दहा-बारा शाळांचे शिक्षक एका खोलीत असतात आणि कार्यक्रमपत्रिकेवर परिपत्रकांच्या आधी-नंतर एक आदर्श पाठही असतो. द्विशिक्षकी शाळेत अख्खी शाळा म्हणजे दोनच माणसं. १२ वजा ७ द्यायचं की १३ वजा ९, हा वाद घालायला दोघं पुरतात. तास चालू असताना मुलांच्या वह्यांत डोकावणारं तिसरं माणूस मात्र शेजारच्या शाळेतूनच यावं लागतं.